खासगीचा हिशेब

या सदरात एरवी विवरणपत्रे, मृत्युपत्रे आणि भाडेकरार यांचीच चर्चा होते. या वेळी टिळकनगरच्या एका वाचक भगिनीच्या पत्राने सदराचा मोठा भाग घेतला आहे. त्याच विषयाला लागून असलेले आणखी तीन प्रश्न त्यापुढे दिले आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने दोन मित्रांबरोबर बंगळुरूला सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती. नऊ वर्षे त्याने दिवसरात्र काम केले. गेल्या वर्षी ती कंपनी एका परदेशी कंपनीने विकत घेतली आणि त्याच्या वाट्याला इतकी रक्कम आली की तिचे नुसते व्याज खर्च करणेही आमच्या घरात कोणाला जमणार नाही. तो छत्तीस वर्षांचा आहे. माझी बहीण आता नाही, म्हणून तो इंदूरला आमच्याकडे राहायला आला. या वर्षभरात तो हिमालयातल्या एका शिखरावर जाऊन आला, समुद्राखाली पोहायला शिकला, दोनदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसला आणि शिक्षक लावून भौतिकशास्त्रही शिकू लागला होता, पण तेही सुटले. आता तो अकरा वाजता उठतो आणि त्याचे जेवणात लक्ष नसते. परवा म्हणाला, ‘मावशी, उद्या मी उठलोच नाही तर कोणाचे काय अडणार आहे?’ आम्ही नोकरदार माणसे, आमचे सगळे आयुष्य पैसे पुरवण्यात गेले; पैसे उरल्याचे दुःख कसे असते ते आम्हांला कळत नाही. त्याला लग्नाचे सुचवावे, दानधर्माचे सुचवावे, की नवी कंपनी काढायला सांगावे? — एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आपल्या भाच्याच्या त्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांतला जो अधिक गंभीर आहे, त्याचा छडा आधी लावला पाहिजे. जीव संपवण्याचे विचार त्याच्या मनात येतात का, हे त्याला शांतपणे पण सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. त्याचे उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. उत्तर नाही असे आले तरी झोप आणि जेवण यांचे जे वर्णन आपण केले आहे त्यावरून या आठवड्यात डॉक्टरांची गाठ घेणे आवश्यक आहे. ‘इतका पैसा असलेल्याला कसले आले नैराश्य’ असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा, पण त्यांचे ऐकू नये.

आता दुसरा अर्थ. मी तीस वर्षांहून अधिक काळ कर सल्लागार म्हणून काम केले आणि त्या काळात चालता धंदा विकून मोकळी झालेली काही माणसे जवळून पाहिली. विक्रीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांचे फोन भांडवली नफ्यावरच्या कराविषयी येतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास ज्या फोनला काही कारणच नसते, तो येतो. माझ्या एका अशिलाने सोयाबीन तेलाची गिरणी विकली आणि त्यानंतर तो गृहस्थ दर सोमवारी माझ्या कार्यालयात येऊन बसू लागला. तेथे तो माझ्या शिपायाने आणलेली चहा-स्टेशनरीची बिले तपासत असे. दोनशे ऐंशी रुपयांच्या बिलात बारा रुपयांची चूक सापडली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते गिरणीचे करोडो रुपये खात्यात जमा झाले त्या दिवशी मी पाहिले नव्हते. पैशाने त्याची सर्व अडचण दूर केली होती आणि त्या अडचणीबरोबरच, ज्यांची त्याच्यावाचून अडचण होत होती ती माणसेही दूर झाली होती. त्याला विश्रांती नको होती, छंदही नको होता. कोणीतरी आपली वाट पाहत बसावे आणि आपण उशिरा पोहोचलो तर रागवावे, एवढेच त्याला हवे होते. आपल्या भाच्याचे नेमके हेच बोलणे आहे, फक्त त्याने ते उलट्या बाजूने म्हटले.

शिखर, समुद्र आणि शिबिर यांनी हे का भागले नाही, याचे उत्तर आपल्या गावातच एका इमारतीत ठेवलेले आहे. माणिकबागेच्या राजवाड्यात अनेक वर्षांपासून केंद्रीय उत्पादन शुल्क, म्हणजे आताच्या वस्तू व सेवा कर खात्याचे कार्यालय आहे आणि फायली काखोटीला मारून मी तेथे असंख्य वेळा गेलो आहे. तारखेची वाट पाहत व्हरांड्यात उभे असताना आपण कोणत्या घरात उभे आहोत हे पहिली काही वर्षे मला ठाऊकही नव्हते. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या सुमारास, वयाच्या बाविशीत, बर्लिनच्या एकार्ट मुथेसियस या आपल्याच वयाच्या वास्तुविशारदाकडून हा वाडा उभारून घेतला. त्या काळी युरोपातही नवे वाटावे असे सामान त्यात आले होते : काच आणि धातूचे पलंग, पॅरिसच्या नामांकित कारागिरांची मेजे-खुर्च्या, दिव्यांपासून दाराच्या कड्यांपर्यंत एकाच नजरेने आखलेली प्रत्येक वस्तू. मी रसिक नाही, पण हा नुसता श्रीमंती थाट नव्हता एवढे मला कळते. त्या तरुण राजाला खरोखर नजर होती.

त्याच राजाने शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी याच्याकडून ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या, एक काळ्या संगमरवराची, एक पांढऱ्या संगमरवराची आणि एक चकचकीत ब्राँझची, आणि या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. मध्ये पाण्याचे तळे, त्याच्याजवळ पक्षी आणि वरून येणारा उजेड अशी ती कल्पना होती. १९३७ साली महाराणी संयोगिताराजे अगदी तरुण वयात गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी या कामासाठी मुद्दाम इंदूरला आला, परंतु महाराजांचे मन त्या कामात राहिले नव्हते आणि तो परत गेला. मंदिर बांधले गेले नाही. पैसा होता, जागा होती आणि जगातला एक श्रेष्ठ शिल्पकार दारात येऊन उभा होता. महाराज १९६१ मध्ये वारले. वाड्यातले ते सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले गेले. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडिना येथे.

पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या तीस वर्षांच्या माणसाला, त्याने देऊळ का बांधले नाही, असे विचारण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ते देऊळ एका माणसाच्या मनावर उभे होते. त्याला गावकरी नव्हते, गुरव नव्हता, नवस फेडायला येणारी कोणी बाई नव्हती. एकाचे मन उडाले आणि देऊळ बांधायचे राहून गेले. आपल्या भाच्याने आतापर्यंत जे जे करून पाहिले, शिखर काय आणि मौन काय, ते सगळे याच जातीचे आहे. त्यातले काहीही वाईट नाही, पण त्याने मध्येच सोडून दिले तर विचारणारा कोणी नाही.

आता याच घराण्यातली याच्या दीडशे वर्षे आधीची गोष्ट. होळकरांकडे दोन तिजोऱ्या होत्या. राज्याच्या महसुलाला दौलत म्हणत आणि राणीच्या स्वतःच्या जहागिरीच्या उत्पन्नाला खासगी. बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी ही खासगीची जहागीर दिली आणि गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाचे १७८० मधील मंदिर, सोमनाथचे १७८३ मधील मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च याच खासगीतून झाला. आज आपण ‘ही माझी खासगी बाब आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्यात कोणी नाक खुपसू नये असा त्याचा अर्थ असतो. या शब्दाने केवढी उलटी कोलांटी मारली आहे पाहा : बाईंच्या खासगीवर हिंदुस्थानभरच्या वाटसरूंचा हक्क होता आणि अन्नछत्रात एक दिवस चूल पेटली नाही तर त्याची बातमी महेश्वरला पोहोचत होती.

यामुळे अहिल्याबाई सुखी झाल्या असे मी लिहिणार नाही. १७५४ मध्ये पती, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये मुलगा आणि उतारवयात १७९१ मध्ये सती गेलेली मुलगी, अशी ज्यांच्या घरातली यादी आहे, त्यांच्याबाबत समाधान, तृप्ती असले शब्द वापरायला माझी लेखणी धजत नाही. मात्र ‘उद्या मी उठले नाही तर कोणाचे काय अडेल’ हा प्रश्न त्यांना पडण्याजोगा नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी फिर्यादी दारात बसलेले असत.

म्हणून आपल्या तीन पर्यायांविषयी माझे मत असे. लग्न हा उपाय म्हणून सुचवू नये, कारण त्या मुलीने काय गुन्हा केला आहे? नवी कंपनी लगेच काढू नये. डॉक्टरांनी त्याची झोप मार्गावर आणल्यानंतर आणि किमान वर्षभराने त्याला स्वतःला खुमखुमी आली तर तो काढीलच. दानधर्म करावा, पण धनादेश फाडून देण्याचा नव्हे. त्याला कोणत्यातरी लहान संस्थेचा खजिनदार करावे. माझ्या त्या तेलगिरणीवाल्या अशिलाला पुढे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या एका धर्मशाळेचे हिशेब मिळाले. घोंगड्यांच्या भावावरून तो अकरा वर्षे व्यापाऱ्यांशी भांडला, विश्वस्तांशी भांडला, आणि एकदा तर गरम पाण्याच्या बंबावरून माझ्याशीही भांडला. इतका चिडका आणि इतका तृप्त माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी संस्था शोधताना एक पथ्य पाळावे. जिथे भाच्याचे नाव फलकावर लागेल तिथे त्याला नेऊ नये. जिथे तो गैरहजर राहिला तर संध्याकाळी पाचला एखादा म्हातारा चिडून फोन करील, तिथे न्यावे. त्याची एकंदर संपत्ती किती, हे तेथे कोणाला कळण्याचे कारण नाही. कळल्यास त्याच्यावर रागावण्याचा धीर कोणाला होणार नाही आणि मग सगळेच मुसळ केरात.

प्रश्न : धनाढ्यांच्या मनःशांतीची चिंता आपण का करावी? ठरावीक उत्पन्नानंतर पैशाने सुख वाढत नाही, असे संशोधनानेच सिद्ध झाले आहे ना? — एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर

उत्तर : पहिल्या प्रश्नातला राग मला मान्य आहे. दुसऱ्या प्रश्नातली माहिती मात्र जुनी झाली. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या अर्थशास्त्राच्या दोन नोबेल मानकऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील पाहणीवरून असे मांडले की रोजच्या मनःस्थितीतली सुधारणा वार्षिक सुमारे ७५,००० डॉलर उत्पन्नाच्या पुढे थांबते. वर्तमानपत्रांनी एवढेच उचलले आणि ‘आपले आयुष्य एकंदरीत कसे चालले आहे’ या प्रश्नाचे उत्तर त्यापुढेही सुधारत जाते, हा त्याच निबंधातला दुसरा अर्धा भाग वगळला. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी २०२१ मध्ये मोबाइलवर वेळोवेळी विचारलेल्या उत्तरांवरून सांगितले की अशी मर्यादा दिसतच नाही. यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या वादविवादांत दुर्मीळ आहे : काहनेमन आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतले आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहते. जे मुळातच सर्वांत दुःखी असतात, त्यांच्या बाबतीत मात्र सुमारे १,००,००० डॉलरनंतर पैशाचा उपयोग जवळजवळ थांबतो, कारण त्यांच्या दुःखाचे मूळ पैशात नसते.

त्यामुळे ‘पैशात सुख नाही’ असे गरिबाला ऐकवणे हा उद्धटपणा आहे. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला पैशाने रोजचे सुख मिळतेच. शिवाय या पाहण्या मुख्यतः सामान्य माणसांच्या आहेत; त्यांवरून अब्जाधीशांच्या मनाविषयी बोलणे म्हणजे खान नदीचे पाणी मोजून समुद्राची खोली सांगणे होय.

प्रश्न : जगातले अतिश्रीमंत लोक इतका पैसा घालवतात तरी कशावर? त्यातून त्यांना काय मिळते? — महाविद्यालयीन विद्यार्थी, देवास

उत्तर : घर, विमान आणि नौकर-चाकर यांना मर्यादा असते; एक माणूस एका वेळी एकाच पलंगावर झोपतो. त्यापुढचा पैसा बहुधा तीन वाटांनी जातो.

पहिली वाट तुलनेची. जेफ बेझोस यांची २०२३ मध्ये ताब्यात आलेली ‘कोरू’ ही शिडाची नौका १२७ मीटर लांब आहे आणि तिच्या सेवेसाठी मागून ७५ मीटरची दुसरी नौका चालते. ती नेदरलँड्समध्ये बांधली जात असताना, तिच्या डोलकाठ्या जाव्यात म्हणून रॉटरडॅमच्या एका जुन्या पुलाचा मधला भाग काढावा लागेल अशी बातमी २०२२ मध्ये आली, गाव खवळले आणि शेवटी डोलकाठ्या न लावताच तिला दुसऱ्या मार्गाने नेण्यात आले. अशा वस्तूंचा स्वभाव विचित्र असतो. शेजारच्या धक्क्यावर अधिक लांब नौका येऊन लागली की आपली नौका, एक इंचही न बदलता, आखूड होते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पक्वान्नांची संख्या याच नियमाने वाढते, तेव्हा फार हसू नये.

दुसरी वाट धोक्याची. डेनिस टिटो यांनी २००१ मध्ये सुमारे २ कोटी डॉलर देऊन अंतराळस्थानकाची यात्रा केली. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली ‘टायटन’ ही पाणबुडी फुटून पाच जण मरण पावले; तिथे एका जागेचा दर २,५०,००० डॉलर होता. ज्याच्या आयुष्यातला प्रत्येक धोका पैशाने पुसला गेला आहे तो पैसे देऊन धोका विकत आणतो, असे मला वाटते, आणि त्यात मला वेडेपणापेक्षा भूक अधिक दिसते.

तिसरी वाट वयाची. ब्रायन जॉन्सन यांनी आपली कंपनी २०१३ मध्ये ८० कोटी डॉलरला विकली. आता ते आपले शरीर तरुण ठेवण्यासाठी वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्च करतात. २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच्या किशोरवयीन मुलाचा रक्तद्रव अंगात भरून घेतला आणि उपयोग दिसला नाही असे स्वतःच जाहीर केले. ययातीची कथा आपल्या आजीकडून ऐकलेल्या वाचकाला यावर वेगळे काही सांगायला नको. जॉन्सन यांनी परिणाम मोजून पाहिला आणि तो लपवला नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

प्रश्न : माझ्यापाशी अब्जावधी नाहीत. सराफ्यातली पिढीजात पेढी आणि दोन घरे आहेत. मुले सुस्थितीत आहेत. काही भाग समाजासाठी द्यायचा आहे, तर तो जिवंतपणी द्यावा की मृत्युपत्राने? — एक व्यापारी, इंदूर

उत्तर : जिवंतपणी. या बाबतीत माझ्यासमोर चक फीनी यांचे उदाहरण आहे. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि १९८४ मध्ये आपला जवळजवळ सगळा वाटा गुपचूप आपल्या धर्मादाय संस्थेच्या नावे केला. १९९७ पर्यंत हे बाहेर कोणाला कळले नाही. लोक त्यांना बडा धनिक समजत राहिले आणि ते स्वतः सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहून प्लास्टिकचे घड्याळ वापरत राहिले. सुमारे ८०० कोटी डॉलर विद्यापीठे, दवाखाने आणि आरोग्यसेवा यांवर वाटून झाल्यावर २०२० मध्ये त्यांनी संस्थाच बंद केली. २०२३ मध्ये ते वारले. देण्याचा आनंद मेल्यावर घेता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होतेच. पण माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. जिवंत दात्याला आपला पैसा वाया जाताना दिसतो आणि तो हात आखडता घेऊ शकतो. मृत्युपत्राने दिलेला पैसा वाया गेला तर फक्त विश्वस्तांना कळते.

आपल्या बाबतीत व्यवहाराच्या गोष्टी अशा. आपल्याकडे वारसा कर १९८५ मध्येच रद्द झाला, त्यामुळे कर वाचवण्यासाठी घाईने देण्याचे कारण नाही. मुलांना आधी समोर बसवून सांगावे. बापाच्या पश्चात वकिलाच्या तोंडून ऐकलेली देणगी कोणत्याही मुलाला गोड लागत नाही. पहिल्या वर्षी ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्साच द्यावा, संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागावा आणि तो द्यायला संस्थेने खळखळ केली तर पुढचे नऊ हिस्से पेढीतच ठेवावेत. आयकरातली वजावट हवी असल्यास आपण जुन्या करप्रणालीत आहात याची खात्री करून घ्यावी, कारण नव्या प्रणालीत ती मिळत नाही. आणि दोन हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी रोख देऊ नये, पावती कितीही मोठी आणि शिक्का कितीही ठळक असला तरी.